तेलाच्या हिशेबात एकटे पेट्रोल पुरेसे नाही

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंधनाचे दर हलले की बातमी पेट्रोलपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा पेट्रोलपाशीच संपते, हे आपल्याच नव्हे तर सगळ्याच वृत्तपत्रांत दिसते. अलीकडे वाचकांच्या पत्रांतून आणि भाषणांतून एक विधान इतक्या वेळा कानावर येऊ लागले आहे की ते आता कोणी तपासूनही पाहत नाही. दुचाकी आणि मोटारी विजेवर गेल्या की कच्च्या तेलाची आयात त्याच प्रमाणात घटेल, असे ते विधान आहे. विजेच्या गाड्या याव्यात, लवकर याव्यात, नागपूरच्या हवेला त्यांची गरज आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु हे विधान जसेच्या तसे खरे नाही, आणि ते खरे मानून आपण धोरणांवर मते देऊ लागलो तर ज्या इंधनाची बचत सर्वांत आधी व्हायला हवी ते नजरेआड राहते. रासायनिक तंत्रज्ञान शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

कच्चे तेल हा एक पदार्थ नाही. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या हजारो संयुगांचे ते मिश्रण असते, त्यात थोडे गंधक, थोडे नायट्रोजन, निकेल-व्हॅनेडियमसारखे धातू आणि विहिरीतून बरोबर आलेले खारे पाणीही असते. यातील प्रत्येक संयुग वेगवेगळ्या तापमानाला उकळते आणि या एकाच गुणधर्मावर रिफायनरीचे पहिले काम उभे असते. प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येते. काचेच्या चंबूत शंभर मिलिलिटर कच्चे तेल घेऊन खालून सावकाश उष्णता दिली की तापमापी शंभर अंशांच्या बरीच खाली असतानाच शीतकाच्या टोकाशी पहिला थेंब लोंबू लागतो, आणि काळ्या तेलातून निघालेला तो थेंब पाण्यासारखा नितळ असतो. तापमान चढत जाते तसे मोजपात्रात जमणारे द्रव आधी फिकट पिवळे, मग मधासारखे होत जाते आणि दाटही होते. साडेतीनशे अंशांच्या पुढे मात्र चंबूत पांढरट धूर कोंदतो, करपट वास येतो. रेणू आता उकळण्याऐवजी तुटू लागलेले असतात. तेथे बर्नर बंद करावा लागतो. तळाशी उरलेला काळा चिकट गाळ साध्या पाण्याने निघत नाही, त्यासाठी वेगळा द्रावक वापरून चंबू घासत बसावे लागते. आखाती देशांच्या जड तेलात हा गाळ मूळ तेलाच्या जवळपास निम्मा भरतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावी अशी आहे.

रिफायनरीत हेच काम उंच मनोऱ्यात अखंड चालते. मीठ धुऊन काढलेले तेल भट्टीत साधारण साडेतीनशे अंशांपर्यंत तापवून मनोऱ्याच्या खालच्या भागात सोडतात. वाफा वर चढतात, वर थंडावा अधिक असतो, आणि ज्या त्या उंचीवर ज्या त्या उत्कलनबिंदूचे द्रव वेगळे काढून घेता येते. अगदी वरून वायू आणि स्वयंपाकाचा गॅस, त्याखाली नाफ्था म्हणजे पेट्रोलचा कच्चा भाग, मग रॉकेलचा भाग, मग डिझेलचा, आणि तळाला तो जड गाळ. हा गाळ आणखी तापवला तर तो करपतो म्हणून तो दुसऱ्या मनोऱ्यात निर्वात स्थितीत नेतात; हवेचा दाब काढून घेतल्याने तो कमी तापमानाला उकळतो आणि त्यातून वंगणाचा, मेणाचा आणि भंजनासाठी, म्हणजे मोठे रेणू तोडण्यासाठी, लागणारा जड तेलाचा भाग मिळतो. त्यानंतरही जे उरते त्याचे डांबर होते, फर्नेस ऑइल होते किंवा कोकिंगच्या भट्टीत पेटकोक हा कोळशासारखा घन पदार्थ होतो.

आपल्याकडच्या डाळ गिरणीत तूर भरडली की डाळ, चुणी आणि टरफल एकदमच बाहेर पडतात; मला फक्त डाळ हवी आहे, टरफल नको, असे गिरणीला सांगता येत नाही. रिफायनरीचेही तसेच आहे. फक्त पेट्रोल काढणारी किंवा फक्त डिझेल काढणारी रिफायनरी जगात नाही. जिला डिझेल हवे तिच्या पदरी पेट्रोल, गॅस, नाफ्था आणि डांबरही पडणारच.

याला एक मर्यादा आहे आणि ती सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. उत्पादनांचे प्रमाण काही अंशी बदलता येते. हलके तेल घेतले तर वरचा माल अधिक निघतो, जड घेतले तर तळचा. मनोऱ्यातून रॉकेल कुठे संपते आणि डिझेल कुठे सुरू होते ही रेघ थोडी वरखाली करता येते. शिवाय भंजनाच्या संयंत्रात उत्प्रेरकाच्या साहाय्याने पाचशे अंशांच्या पुढे जड रेणू तोडून त्यांचे पेट्रोल आणि गॅस करता येतात, आणि हायड्रोजनच्या उच्च दाबाखाली तोडले तर डिझेल अधिक मिळते. म्हणूनच १५९ लिटरच्या पिंपातून अमेरिकेतल्या रिफायनऱ्या जवळपास ४५ टक्के पेट्रोल काढतात, तर आपल्या रिफायनऱ्यांच्या उत्पादनात ४० टक्क्यांहून अधिक डिझेल असते आणि पेट्रोल त्याच्या निम्म्याहूनही कमी. तिथे घराघरांत मोटारी आहेत, इथे ट्रक, ट्रॅक्टर आणि एसटी आहे, त्याप्रमाणे यंत्रसामग्री उभी राहिली आहे. पण ही यंत्रसामग्री हजारो कोटींची असते आणि एकदा उभारली की वीस-तीस वर्षे तीच चालवावी लागते. प्रमाण वळवता येते ते थोडेच, आणि तेही सावकाश.

आता आपल्या देशाचा हिशेब पाहू. २०२३-२४ या वर्षात देशात सर्व पेट्रोलियम पदार्थ मिळून सुमारे २३ कोटी टन खपले. त्यात डिझेल सुमारे ९ कोटी टन, पेट्रोल पावणेचार कोटी टनांच्या आतबाहेर आणि स्वयंपाकाचा गॅस जवळपास ३ कोटी टन होता. म्हणजे ज्या पेट्रोलवर आपले सगळे लक्ष खिळलेले आहे ते एकूण खपाच्या सहाव्या हिश्शाइतके आहे. त्याच वर्षात आपण ६ कोटी टनांहून अधिक तयार माल निर्यात केला आणि त्यात डिझेलबरोबर पेट्रोलही होते. कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणणारा देश पेट्रोल निर्यात करतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. पण डिझेलसाठी एवढे तेल गाळायचे म्हटल्यावर त्याबरोबर येणारे पेट्रोल कुठेतरी जायलाच हवे.

उद्या नागपुरातील सगळ्या दुचाकी विजेवर गेल्या, तर जे पेट्रोल वाचेल ते निर्यात होईल किंवा त्याचा नाफ्था प्लास्टिक आणि रसायनांच्या कारखान्यांकडे वळेल. परकीय चलन त्यातून मिळेल, शहराची हवा सुधारेल, हे फायदे खरे आहेत. पण डिझेलची मागणी जागची हलली नाही, तर आखातातून येणारे जहाज कमी होणार नाही. पेट्रोलमधील इथेनॉलबाबतही हेच म्हणावे लागते. २०२५ मध्ये त्याचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले, ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना त्याचा आधार झाला, पण ते जागा घेते पेट्रोलची. जिथे डिझेल वाचते तिथे परिणाम अधिक खोल असतो. लोहमार्गांचे विद्युतीकरण हे या देशातील तेलबचतीच्या सर्वांत मोठ्या कामांपैकी एक आहे आणि त्याच्याबद्दल वृत्तपत्रांत दुचाकीच्या नव्या मॉडेलइतकेही लिहून येत नाही, याचे मला वाईट वाटते. शहरात धावणारी प्रत्येक विजेची बस, रस्त्यावरून काढून रेल्वेवर चढवलेला प्रत्येक कंटेनर, डिझेलऐवजी विजेवर किंवा सौर पंपावर चाललेली प्रत्येक विहीर, यांची गणना आपण वेगळी ठेवायला हवी.

डिझेलइतकीच दुर्लक्षित बाब गॅसची आहे. चौदा किलो दोनशे ग्रॅमच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असते. ते मनोऱ्याच्या शेंड्यावरून आणि भंजनाच्या संयंत्रातून मिळते, काही नैसर्गिक वायूच्या प्रक्रियेतूनही मिळते, पण शंभर टन तेलामागे त्याची निपज चार-पाच टनांच्या पुढे फारशी जात नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गडचिरोली-मेळघाटपर्यंतच्या स्वयंपाकघरांत सिलिंडर पोहोचला. चुलीच्या धुरात डोळे चोळत स्वयंपाक करणाऱ्या बाया मी माझ्या आजोळी पाहिल्या आहेत, त्यामुळे या बदलाचे मोल मला कोणी सांगायला नको. पण त्यामुळे आधीच रिफायनऱ्यांच्या आवाक्याबाहेर असलेला खप आणखी वाढला आणि आज देशात लागणाऱ्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस आयात होतो, तोही मुख्यतः आखाती देशांतून. पेट्रोल-डिझेल निर्यात करणारा देश स्वयंपाकाच्या गॅससाठी मात्र दुसऱ्याच्या दारात उभा आहे. आखाताच्या तोंडाशी असलेल्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की आपल्या बातम्या पेट्रोलच्या दराचे अंदाज बांधतात. त्या वेळी इतवारीतल्या आणि नंदनवनातल्या स्वयंपाकघरांची काळजी आधी करायला हवी.

रॉकेलची कथा उलट दिशेची आहे. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली तेव्हा लोकांना हवे होते ते दिव्यात जाळायचे रॉकेल. पेट्रोल हा धोकादायक टाकाऊ माल होता आणि तो नदीनाल्यांत सोडून दिला जाई. आपल्याकडेही या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला एक कोटी टनांच्या आसपास रॉकेल खपत असे, रेशनच्या दुकानापुढे डबे घेऊन रांगा लागत. आज तो खप पाच लाख टनांच्या घरात आला आहे. पण तेलातून तो भाग निघणे काही थांबलेले नाही. तो आता डिझेलमध्ये मिसळतो किंवा आणखी शुद्ध होऊन विमानात जातो. विमानाचे इंधन म्हणजे काटेकोर कसोट्या पार केलेले रॉकेलच होय, आणि उणे ४७ अंशांपर्यंत ते गोठता कामा नये अशी त्याची अट असते. यात नागपूरकरांना आपलेपणा वाटावा असा एक तपशील आहे. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि टपालाची अदलाबदल करून परत जात. त्या डाकोटा विमानांची इंजिने दट्ट्याची होती, त्यांना उच्च प्रतीचे पेट्रोल लागे. आज त्याच विमानतळावर उतरणारी जेट विमाने रॉकेलच्या जातीच्या इंधनावर उडतात. यंत्र बदलले की पिंपातल्या कोणत्या भागाला भाव येईल तेही बदलते, आणि उरलेल्या भागाचे काय करायचे हा प्रश्न तसाच राहतो.

नाफ्थ्याचा मोठा वाटा आपण जाळत नाही, अंगावर घालतो. पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याचा गुण, वाढवण्यासाठी नाफ्था प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावरून नेला जातो आणि त्या प्रक्रियेत बेंझिन, टोल्युइन, झायलीन ही द्रव्ये मिळतात. त्यातील पॅराझायलीनपासून पॉलिस्टरचा कच्चा माल बनतो. बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या पॉलिस्टर धाग्याचे मूळ शोधत गेले तर ते अखेर नाफ्थ्यापाशीच पोहोचते. कापसाच्या या पट्ट्यात बाजाराच्या दिवशी मिळणारी स्वस्त साडी आणि सदरा यांचा कच्च्या तेलाशी असा थेट संबंध आहे. कापूस उत्पादकाचा भाव ठरण्यात पॉलिस्टरच्या किमतीचाही हात असतो, म्हणजे तेल स्वस्त झाले की शेतकऱ्याचा फायदाच होतो असेही सरळ म्हणता येत नाही.

गंधकाचा उल्लेख सहसा कोणी करत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज-६) या प्रदूषण-मानकाचे इंधन आले आणि पेट्रोल-डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. हे गंधक हायड्रोजनच्या साहाय्याने काढून शेवटी पिवळ्या घन रूपात वेगळे केले जाते, आणि खतांच्या कारखान्यांकडे, गंधकाम्लाकडे, भुरी रोगावर फवारायच्या पावडरीकडे जाते. संत्र्याच्या बागांत सिट्रस सिल्ला आणि कोळी या किडींसाठी जे खनिज तेल फवारतात तेही याच मनोऱ्यांतून आलेले असते. काटोल-वरुडच्या बागायतदाराला हे सांगितले तर त्याला कदाचित नवल वाटेल, पण कच्च्या तेलाच्या दराशी त्याचा संबंध फक्त ट्रॅक्टरच्या टाकीपुरता नाही.

राहिला तळाचा गाळ. नागपूरच्या मे महिन्यात डांबरी रस्ता होताना जो कोणी जवळ उभा राहिला असेल त्याला ते काम विसरता येणार नाही. प्लांटमधून दीडशे अंशांच्या पुढे तापलेले मिश्रण डंपरने ओतले जाते, पायांना पोत्याचे तुकडे गुंडाळलेले मजूर ते फावड्याने सारखे करतात, आणि वरून ऊन पंचेचाळीस अंशांचे असते. रोलर फिरण्याआधी मिश्रण निवले तर रस्ता पहिल्याच पावसात उखडतो, म्हणून त्या मजुरांना सावलीत थांबायची सोय नसते. देशात वर्षाला ८०-९० लाख टन डांबर लागते, आणि एवढे तेल गाळूनही त्यातील बराच भाग आपण आयात करतो, कारण नव्या रिफायनऱ्यांत तळाच्या गाळाचे डांबर करण्याऐवजी तो तोडून डिझेल आणि पेटकोक करणे अधिक किफायतशीर ठरते. आमच्या शहरात सिमेंटचे रस्ते पुष्कळ झाले. त्यामुळे डांबर वाचले हे खरे आहे. पण सिमेंटच्या भट्ट्यांत कोळशाबरोबर पेटकोकही जाळला जातो, आणि दिल्ली परिसरात २०१७ मध्ये न्यायालयाने पेटकोकवर बंदी घातली तेव्हा सिमेंट उद्योगाला त्यातून सूट द्यावी लागली होती. सिमेंटचा रस्ता पिंपापासून पूर्णपणे सुटलेला आहे असे समजण्याचे कारण नाही.

विदर्भात रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल संकुल व्हावे, अशी मागणी अधूनमधून पुढे येते. समुद्रापासून दूर रिफायनरी चालू शकते. मध्य प्रदेशातील बीना येथे गुजरातच्या वाडीनारहून सुमारे ९३५ किलोमीटर लांबीच्या नळीने कच्चे तेल येते. पण ही मागणी करणाऱ्यांनी आणि तिला विरोध करणाऱ्यांनीही आधी विचारायला हवे की त्या प्रकल्पातून कोणता माल किती निघणार, गॅस किती, नाफ्थ्याचे पुढे काय होणार, पेटकोक कुठे जळणार आणि थंड करण्यासाठी लागणारे पाणी कोणत्या धरणातून येणार. हजारो नोकऱ्या एवढ्या एका आकड्यावर झालेली चर्चा मला पुरेशी वाटत नाही. ज्या शहरात १९४२ पासून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था रासायनिक अभियंते घडवत आली आहे, तिथे ही चर्चा अधिक जाणकारीने व्हायला हवी अशी माझी अपेक्षा आहे.

संपादक महोदय, माझी विनंती छोटी आहे. केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष दर महिन्याला देशात कोणता पदार्थ किती खपला, किती आयात झाला आणि किती निर्यात झाला याचे आकडे जाहीर करतो. पंपावरचा दर आपण रोज छापता, तसा महिन्यातून एकदा हा तक्ता मराठीत छापावा. डिझेल, पेट्रोल, गॅस, नाफ्था, विमान इंधन, रॉकेल, डांबर आणि पेटकोक अशा आठ ओळी पुरतील, आणि शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा असावा. विजेच्या दुचाकींची विक्री वाढल्याची बातमी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी त्याच महिन्यात डिझेल किती खपले हेही वाचकाला त्याच पानावर वाचायला मिळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक,
धरमपेठ, नागपूर